‘कंत्राटदार जबाबदार राहील’: रुळाशेजारच्या कामाच्या सूचनांचे एक वाचन

(इटियाडोह, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मंडईचे दिवस आहेत. रात्रभर नाटक पाहून सकाळी धानाच्या कामाला लागणारी तुम्ही माणसे. अशांच्या पुढे एका निवृत्त मास्तराने तत्त्वज्ञानावर बोलायचे, म्हणजे झोपेची सोयच. म्हणून आज मी तत्त्वज्ञानाचे पुस्तक आणलेलेच नाही. मी आणली आहेत काही झेरॉक्स पाने. रेल्वेच्या रुळावर किंवा रुळालगत काम करणाऱ्या कंत्राटदारांनी काय करावे आणि काय करू नये, याच्या या सूचना आहेत. आज याच पानांची समीक्षा करायची आहे.

तुम्ही म्हणाल, समीक्षा कवितेची होते, कादंबरीची होते, सूचनांची कसली? मी उलटे विचारतो. कविता चुकीची वाचली तर फार तर परीक्षेत गुण जातात. ही पाने चुकीची वाचली, किंवा कोणी वाचलीच नाहीत, तर माणूस जातो. मग बारकाईने वाचण्याची गरज कुठे जास्त आहे?

ही पाने माझ्याकडे कशी आली ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आहे. तर्कशास्त्रात बरा होता, नोकरी मात्र मिळाली एका पोटकंत्राटदाराकडे, साइट सुपरवायझरची. कुठली साइट, कोणाची, ते सांगत नाही, त्याची भाकरी आहे ती. तो एका संध्याकाळी घरी आला आणि ही पाने पुढे टाकून म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला वाक्य कसं तपासायचं ते शिकवलं होतं. हे तपासून द्या. यात मी कुठे आहे ते मला सापडत नाही.”

हा प्रश्न मला चांगला वाटला. आजचे सगळे बोलणे त्याच्याच उत्तरासाठी आहे.

आपली लाइन

आधी आपल्या लाइनबद्दल थोडे. गोंदियाहून निघून सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल करत चांदा फोर्ट आणि बल्लारशाला जाणारा हा मार्ग. माझ्या वयाच्या लोकांना इथली छोटी गाडी आठवत असेल. अडीच फुटांचा रूळ, बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातला. गाडी इतकी सावकाश की माणूस उतरून, लघुशंका करून पुन्हा चढत असे, अशी थट्टा आम्ही करायचो. नव्वदच्या दशकात मार्ग मोठा झाला. नंतर वर वीज आली. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–बल्लारशा दुहेरीकरणाला मंजुरी दिली. २४० किलोमीटर, खर्च ४,८१९ कोटी रुपये.

आनंदाची गोष्ट आहे, मी विरोध करायला आलेलो नाही. पण दुहेरीकरण म्हणजे काय, ते लक्षात घ्या. छोट्या रुळाचा मोठा रूळ करताना मार्ग बंद ठेवून काम करता येते. दुहेरीकरणात तसे नसते. जुन्या रुळावरून गाड्या धावत राहतात आणि त्याच्या अगदी बाजूला मातीचा भराव, मोऱ्या, पूल, खडी, तारांचे खांब अशी सगळी कामे चालतात. टिप्पर, जेसीबी, रोलर आणि शेकडो माणसे, आणि चार-पाच मीटरवरून जाणारी मालगाडी. ती माणसे कोण असणार? काही छत्तीसगडची, काही बालाघाटची, आणि बरीचशी तुमच्याआमच्या घरची पोरे. म्हणून या सूचनांवर इथे बोलायला हवे. दिल्लीत त्यांचे वाचन झालेलेच असेल.

सूचना चांगल्या आहेत

समीक्षकाने आधी गुण सांगावेत. आणि गुण खरोखर आहेत.

सूचनांचा गाभा अंतरांत आहे. कामाच्या वाहनांनी रुळापासून सहा मीटर दूर राहूनच ये-जा करायची. त्याहून जवळ, म्हणजे सहा मीटरपासून रुळाच्या मध्यापासूनच्या साडेतीन मीटरपर्यंत यायचे असेल, तर रेल्वेने नेमलेला माणूस समोर हजर हवा. साडेतीन मीटरच्या आत वाहनाचा कुठलाही भाग येता कामा नये. ती हद्द जमिनीवर चुन्याची रेघ मारून दाखवायची. वाहन वळवताना चालकाचे तोंड रुळाकडे असले पाहिजे. रात्री यंत्र रुळाजवळ उभे ठेवणे टाळता आले नाही, तर ते घरंगळणार नाही असे अडकवायचे आणि त्याच्याजवळ माणूस ठेवायचा. विजेच्या तारेपासून, म्हणजे २५ हजार व्होल्टपासून, दोन मीटरच्या आत जायचे असेल तर आधी वीज बंद झाल्याची लेखी परवानगी घ्यायची. खणण्याआधी सिग्नलच्या आणि दूरसंचाराच्या केबल कुठून जातात ते संबंधित खात्याकडून जागेवर दाखवून घ्यायचे.

यातली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी अनुभवातून आली आहे. चालकाचे तोंड रुळाकडे का? कारण मागे येणाऱ्या टिप्परच्या चालकाला आरशात गाडी दिसत नाही, आणि इंजिनच्या घरघरीत शिट्टीही ऐकू येत नाही. इतके साधे कारण आहे. पण ते कारण सूचनेत लिहिलेले नसते. माझा पहिला आक्षेप हाच. कारण कळले तर माणूस नियम मनापासून पाळतो, आणि नुसता हुकूम असला तर साहेब पाठमोरा होईपर्यंतच पाळतो. वर्गात चाळीस वर्षे मी हेच पाहिले.

आता अंतराचे एक गणित करू. अपघाताची वेळ आली, समजा टिप्पर रुळावर कलंडला, तर येणाऱ्या गाडीला सावध करण्यासाठी मोठ्या मार्गावर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर लावायचे, असा रेल्वेचा नियम आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. म्हणजे १२०० मीटर ती त्रेचाळीस सेकंदांत पार करते. आणि माणसाला, खडीवरून, हातात लाल झेंडा घेऊन, तेवढे अंतर पळायला किती वेळ लागेल? सहा मिनिटांत पोचला तरी शाबास म्हणा. म्हणजे सगळे काही घटना घडण्याआधी करायचे आहे. ती घडल्यावर हातात फार थोडे उरते. पुढच्या बोलण्यात हे त्रेचाळीस सेकंद लक्षात ठेवा.

वाक्य कोणाला उद्देशून आहे?

आता थोडे शास्त्र. घाबरू नका, एकाच शास्त्राचे थोडेसे. आपल्याकडे पूर्वमीमांसा नावाचे दर्शन आहे. त्याचा सगळा जन्म आज्ञावाक्यांचा अर्थ लावण्यात गेला. ‘अमुक करावे’ असे वाक्य आले की मीमांसक तीन गोष्टी विचारतो. काय साधायचे, कशाने साधायचे आणि कशा रीतीने साधायचे. साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता. आणि याशिवाय आणखी एक प्रश्न: हे वाक्य लागू कोणाला? याला अधिकाराचा प्रश्न म्हणतात.

चुन्याच्या रेघेला हे लावून पाहा. साध्य काय? माणूस आणि गाडी दोघे सुरक्षित राहावेत. साधन काय? पांढरी रेघ. रीत कोणती? इथे अडचण सुरू होते. आपल्या झाडीपट्टीत जुलैत एक सर आली की चुना वाहून जातो. मग ती रेघ पुन्हा कोणी मारायची, किती तासांनी, चुना कोणाच्या खर्चाने? आणि रेघ पुसलेली असताना काम थांबवायचे की डोळ्यांच्या अंदाजाने चालू ठेवायचे? सूचना म्हणते रेघ मारावी. ती पुसल्यावर काय, याला माझ्या हातातल्या पानांत उत्तर नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा उन्हाळा होता.

आणि अधिकार? ही पाने अभियंत्याला उद्देशून लिहिली आहेत, कंत्राटदाराच्या कार्यालयाला उद्देशून लिहिली आहेत. भाषा इंग्रजी, फार तर हिंदी. क्रियापदे सगळी कर्मणी: ‘करण्यात यावे’, ‘घेण्यात यावी’, ‘सुनिश्चित केले जावे’. मराठीत कर्मणी प्रयोग वाईट नाही, पण त्यात कर्ता लपतो, आणि इथे तर तो लपायलाच आला आहे असे वाटते. माझ्या विद्यार्थ्याला वाक्यात आपण सापडलो नाही, ते यामुळे. तो कर्ता नाही आणि कर्मही नाही. तो फक्त घटनास्थळी आहे.

मीमांसक म्हणतात, आज्ञा कोणाला लागू होते? ज्याला त्या फळाची इच्छा आहे, ज्याच्या अंगी ते करण्याचे सामर्थ्य आहे आणि ज्याला त्याचे ज्ञान आहे, त्याला. आता रुळाशेजारी घमेले घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे पाहा. तिला जिवंत राहण्याची इच्छा आहे, यात वाद नाही. पण ज्ञान? तिच्या बोलीत तिला कोणी सांगितले का? आणि सामर्थ्य? काम थांबवण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे का? दोन अटी पुऱ्या होत नाहीत आणि तरी मरण्याची पाळी तिची.

मी एका गावकरी मजुराला विचारले, “काय रे भाऊ, तुला नियम सांगितले का?” तो म्हणाला, “सर, आमाले तं एवढंच मालूम, शिट्टी वाजली का बाजूले व्हाचं.” मी म्हटले, “आणि शिट्टी नाही ऐकू आली तर?” तो हसला. त्या हसण्यापुढे मला बोलता येईना.

आता खरे बोलायचे तर पूर्ण बोलले पाहिजे. अधिकार हा शब्द मीमांसेने फार हुशारीने वापरला, आणि त्याच शब्दाने शूद्राला यज्ञातून बाहेरही काढले. ज्ञान द्यायचे नाही, आणि मग ज्ञान नाही म्हणून अधिकार नाही म्हणायचे. हा डाव जुना आहे. रेल्वेच्या संदर्भात तो कोणी उघड केला, तेही सांगतो. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही मांडणी त्यांनी तिथे केली, ती आपल्याला पाठ असते. पण त्याच भाषणात ते गँगमनबद्दलही बोलले होते. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. रुळावर सर्वांत जवळ कोण उभा राहतो, हा प्रश्न या देशात कधीच फक्त तांत्रिक नव्हता. आज गँगमनला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. पण त्याच्याही खाली एक पायरी तयार झाली आहे, कंत्राटी मजुराची. त्याला तर पदाचे नावही नाही.

जबाबदार म्हणजे कोण?

या पानांत एक वाक्य या ना त्या रूपात पुन्हा पुन्हा येते: ‘याला कंत्राटदार जबाबदार राहील.’ मी पेन्सिलीने खुणा केल्या आणि शेवटी मोजायचे सोडून दिले.

‘जबाबदार’ शब्द पाहा. जबाब म्हणजे उत्तर. जबाबदार म्हणजे उत्तर देणारा. उत्तर कधी देतात? प्रश्न विचारल्यावर. प्रश्न कधी विचारतात? अपघात झाल्यावर. म्हणजे हा शब्द नंतरचा आहे. आधीसाठी मराठीत दुसरा शब्द आहे, काळजी. आई मुलाला जबाबदार नसते हो, ती त्याची काळजी घेते. आपल्या त्रेचाळीस सेकंदांच्या हिशेबात उपयोगी पडते ती काळजी. जबाबाला तर चौकशी समितीपुढे दोन वर्षे मिळतात.

याच पानांत एका ठिकाणी मात्र काळजी अगदी नेमकी आहे. केबल. खणताना केबल तुटली तर किती दंड, ते केबलच्या प्रकारानुसार ठरवून दिलेले आहे. आकडा लाखाच्या घरात. बिलातून कापून घेतात, वाद नाही. आणि ते योग्यही आहे, कारण सिग्नलची केबल तुटणे म्हणजे गाड्यांचे डोळे जाणे. पण माणूस गेला तर? त्यासाठी १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली नुकसानभरपाई आहे, ती त्याची मजुरी आणि वय पाहून ठरते, आणि ती मिळवताना विधवेला किती दारे ठोठवावी लागतात ते इथे बसलेल्यांपैकी काहींना माहीत आहे. रेल्वेला केबल माणसाहून प्यारी आहे, असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. मी एवढेच म्हणतो की केबलबद्दलचे वाक्य ज्या स्पष्टपणे लिहिले आहे, तितक्या स्पष्टपणे माणसाबद्दलचे वाक्य लिहिलेले नाही. ज्या गोष्टीचे नुकसान मालकाला लगेच जाणवते, तिच्याबद्दल तो स्पष्ट लिहितो. स्पष्ट लिहिता येते याचा पुरावा त्याच पानावर आहे.

तीन घटना

नुसती वाक्ये तपासून भागणार नाही. घडलेले पाहू.

१३ फेब्रुवारी २०२३, पहाटेची वेळ, नाशिक जिल्ह्यातले लासलगाव. रुळावर काम करणाऱ्या चार ट्रॅक मेंटेनरना टॉवर वॅगनने उडवले. टॉवर वॅगन म्हणजे वरच्या तारांची देखभाल करणारे रेल्वेचेच वाहन. मेलेले रेल्वेचेच कर्मचारी, मारणारे वाहन रेल्वेचेच, आणि दोघेही देखभालीलाच निघालेले. इथे कंत्राटदार नव्हता. म्हणजे सगळा दोष कंत्राटदारीवर ढकलणाऱ्यांनीही थांबून विचार करावा. दोन खात्यांची माणसे एकाच रुळावर असतात आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते, हा आजार कंत्राटाहून जुना आहे.

२ नोव्हेंबर २०२४, केरळमधले शोरनूर. भारतप्पुळा नदीवरच्या पुलाजवळ रुळावरचा कचरा वेचणारे चार कंत्राटी सफाई कामगार केरळ एक्सप्रेसखाली आले. तमिळनाडूतली माणसे होती. रेल्वेची भूमिका अशी की कंत्राटदाराने पुलावरच्या कामाची खबर दिली नव्हती. कंत्राट रद्द झाले, गुन्हा दाखल झाला. म्हणजे ‘कंत्राटदार जबाबदार राहील’ हे वाक्य अक्षरशः अमलात आले. पण मला सांगा, पुलावर गाडी आल्यावर बाजूला व्हायचे कुठे? हा प्रश्न कंत्राटाच्या कागदाला कोणी विचारला होता का?

तिसरी घटना आपल्या लाइनच्या टोकाची. २७ नोव्हेंबर २०२२, बल्लारशा स्थानक. पादचारी पुलाचा एक भाग कोसळला, माणसे खाली रुळावर पडली. एका महिलेचा जीव गेला, अनेक जखमी झाले. हे प्रवासी होते, मजूर नव्हते. मी ती घटना यासाठी सांगतो की रुळाशेजारच्या कामात कच्चेपणा राहिला की तो कोणाच्या वाट्याला येईल ते ठरलेले नसते. आज घमेले उचलणारी बाई, उद्या तिकीट काढून निघालेली बाई.

आणि एक आकडा. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत कामावर असताना मेलेले रेल्वे कर्मचारी सुमारे १,६०० होते, असे त्यात आहे. त्याच काळात गाड्यांच्या अपघातांत मेलेल्यांपेक्षा ही संख्या जास्त होती. गाडी घसरली तर देशभर बातमी होते. रुळावरचा माणूस एकेकटा जातो आणि आतल्या पानावर चार ओळींत संपतो.

‘नाही’ म्हणण्याचा हक्क

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या सूचनांत काय नाही?

अमेरिकेत रुळावर काम करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम १९९७ पासून लागू आहेत. त्यात एक तरतूद आहे. काम सुरू होण्याआधी प्रत्येकाला आज कोणते संरक्षण आहे ते समजावून सांगायचे. आणि कामगाराला प्रामाणिकपणे वाटले की हे संरक्षण नियमाप्रमाणे नाही, तर तो तिथेच हरकत घेऊन काम नाकारू शकतो, आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत त्याला रुळावर ढकलता येत नाही. तिथे सगळे सोन्याचे आहे असे नाही. पण तिथे कामगार वाक्याचा कर्ता झाला आहे. ‘मी नाही जाणार’ असे म्हणणारा ‘मी’ त्या कायद्यात लिहिलेला आहे.

इंग्लंडचेही पाहा. फेब्रुवारी २००४ मध्ये टीबे या गावाजवळ रूळ लादलेली एक ट्रॉली उतारावरून सुटली आणि खाली रुळावर काम करणारे चार जण मेले. ट्रॉलीचे ब्रेक निकामी करून ठेवले होते, ती लाकडी पाचरींवर उभी होती. कंत्राटदाराला २००६ मध्ये तुरुंगात पाठवले. उत्तम झाले. पण ज्याने लाकडाच्या पाचरी पाहिल्या, त्या माणसाला ‘थांबा’ म्हणता आले असते, तर तुरुंगाची गरजच पडली नसती. शिक्षा नंतरची गोष्ट आहे, हक्क आधीची.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: प्रत्येक मजूर काम थांबवू लागला तर २४० किलोमीटर कधी पूर्ण होणार? आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. ज्याला अंगमेहनत टाळायची आहे तोही हा हक्क वापरेल. पण विचार करा. अपघात झाला की काम किती दिवस बंद पडते? पंचनामा, चौकशी, कंत्राट रद्द, नवी निविदा. त्यापुढे दहा मिनिटांची हरकत स्वस्तच पडते. आणि माणसाला काम थांबवण्याची जेवढी भीती वाटते तेवढी गाडीची वाटत नाही, हे मी प्रत्यक्ष ऐकले आहे. रोजी बुडण्याचे भय मरणाच्या भयापेक्षा मोठे असते, कारण रोजी दररोज बुडू शकते.

दुसरा आक्षेप: मजूर स्वतःच बेफिकीर असतात. कानात गाणी, हातात खर्रा, रुळावर बसून डबा. हे खोटे नाही, आपल्याकडे तर नाहीच नाही. पण ॲरिस्टॉटल म्हणायचा की सद्गुण सवयीने येतात. ज्याला वर्षभर एकाच साइटवर ठेवले, शिकवले, ओळखपत्र दिले, त्याला सवय लागते. ज्याला आज इथे आणि परवा तिथे ट्रॅक्टरमध्ये भरून नेले, त्याला सवय लागणार कधी? बेफिकिरी हा काही अंशी स्वभाव असतो आणि पुष्कळ अंशी व्यवस्था.

जाता जाता आणखी एक. या कामाला हल्ली ‘कॉरिडॉर’ म्हणतात. आपल्या भागात हा शब्द वनखातेही वापरते, वाघाच्या वाटेला. नवेगाव-नागझिऱ्याचा वाघ ताडोब्याकडे जातो, त्याची वाट हीच लाइन ओलांडते. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरच्या जंगलात याच मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले. त्या वेळी देशभर हळहळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. रूळ दुप्पट होईल तेव्हा त्यांच्यासाठी खालून रस्ते असावेत, हे लोक मागत आहेत. मीही मागतो. वाघाला ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्यांनी बोलावे लागते. माणसाला बोलता येते. त्याला बोलू दिले तरी पुरे.

मग काय मागायचे?

मी चार गोष्टी सांगतो. मोठ्या नाहीत, आणि यांतल्या एकीलाही नवा कायदा लागत नाही.

एक, सूचनांचे एक पान मराठीत, हिंदीत आणि जमेल तिथे गोंडीत, साइटवर मोठ्या अक्षरांत लावा. प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण एका ओळीत लिहा. ज्याला वाचता येत नाही त्याला मुकादमाने रोज सकाळी वाचून दाखवावे.

दोन, चुन्याच्या रेघेऐवजी दोरी आणि खुंट्या, म्हणजे पावसात वाहून न जाणारी हद्द. हद्द दिसत नसेल तर काम बंद, हे वाक्य स्पष्ट लिहा.

तीन, गाडी पाहण्यासाठी जो माणूस नेमला आहे, त्याच्या हातात फक्त शिट्टी आणि झेंडा द्या, दुसरे काम देऊ नका. पाहणाऱ्याला घमेले दिले की पाहणारा गेला.

चार, हे वाक्य छापा: ‘धोका दिसल्यास कोणताही कामगार काम थांबवू शकतो, आणि त्याबद्दल त्याची मजुरी कापली जाणार नाही.’ कर्तरी प्रयोगात छापा. ग्रामसभेत हा ठराव करता येतो, कामगार अधिकाऱ्याला पाठवता येतो, आणि काम सुरू होण्याआधी पाठवता येतो. काम सुरू झाल्यावर ठराव त्रेचाळीस सेकंदांत पोचत नाही.

शेवटी माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. मी त्याला पाने परत दिली आणि म्हटले, “तू यात कुठे आहेस ते मला सापडले. तू दोन वाक्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत आहेस.” तो म्हणाला, “सर, हे तर मला आधीच माहीत होतं.” मग जरा थांबून त्याने सांगितले, मागच्या आठवड्यात एक टिप्पर पाठमोरा रुळाकडे येत होता, त्याने ओरडून थांबवला. गाडी आली नाही. काही झाले नाही. वरच्या साहेबाने वेळ फुकट घालवला म्हणून त्याला झापले.

मी त्याला म्हटले, “अरे, काही झाले नाही, हेच तर तुझे काम होते.” पण हे त्याला माझ्यासारख्या निवृत्त मास्तराने सांगून उपयोग नाही. त्याच्या हातातल्या कागदाने सांगितले पाहिजे.

 प्रश्न असतील तर विचारा. मात्र नाटकाची वेळ व्हायच्या आत.